संसार, शेत आणि शिफ्ट सांभाळून धम्म: सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्याला बुद्धाचं नाव नवं नाही. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत निपाणीला बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, आणि १९५६ नंतर इथल्याही अनेक वस्त्यांत विहारं उभी राहिली. पण जयंती, वर्षावास आणि लग्नकार्य सोडलं तर सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. म्हणून इथे सगळं हाताला धरून सांगितल्यासारखं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. ध्यानाला बसायला किंवा पंचशील पाळायला कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. दीक्षा घेणं ही वेगळी गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा त्यात येतात आणि त्या घेतल्या की पूर्ण पाळायच्या असतात, सोयीच्या तेवढ्या नव्हे. ज्यांच्या मनाची अजून तयारी नाही त्यांनी घाई करू नये. शील आणि ध्यान आजपासून सुरू करा, बाकीचं सावकाश ठरवा.

आधी शील, मग बैठक

बहुतेक नवशिके थेट डोळे मिटून बसतात आणि महिनाभरात सोडून देतात. कारण सोपं आहे. दिवसभर जे केलं, बोललं, लपवलं, तेच डोळे मिटल्यावर वर येतं. काल कुणाला शिव्या घातल्या असतील तर आजची दहा मिनिटं त्याच भांडणात जातात. त्यामुळे पंचशील म्हणजे नुसतं वंदनेत म्हणायचं पाठांतर नाही, बैठकीची ती पायाभरणीच आहे.

पाच शीलं आपल्या भागात कशी दिसतात ते बघा. प्राणिहत्या टाळणं म्हणजे स्वतः मारायचं नाही आणि आपल्यासाठी मारायला सांगायचंही नाही. जत्रेला बकरं आपल्या नावानं कापलं जात असेल तर आधीच सांगून ठेवा. घरात साप निघाला तर काठी घेण्याऐवजी साप पकडणाऱ्याला फोन करा. शेतात फवारणी करावी लागते, त्याचं काय, असं बरेच जण विचारतात. बुद्धाच्या शिकवणीत कर्माचं मूळ चेतना, म्हणजे हेतू आहे. पीक वाचवायचं आहे म्हणून गरजेपुरती फवारणी करणं वेगळं आणि मजेखातर पाखरं मारणं वेगळं. तरीही फवारणी कमी करता येईल तेवढी करावी, तिला निर्दोष म्हणू नये.

दुसरं शील, न दिलेलं न घेणं. दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरणं ही चोरीच आहे, जमिनीचा उतारा काहीही म्हणो. तिसरं, व्यभिचार टाळणं. त्याबद्दल वेगळं सांगायला नको. चौथ्यात खोटं बोलणं येतंच, पण कठोर बोलणं, चहाडी आणि निरर्थक बडबड हीसुद्धा बुद्धानं वाणीच्या दोषांत मोजली आहे. व्हॉट्सॲपवर खात्री न करता पुढे ढकललेला मजकूर याच खात्यात जमा होतो. पाचवं शील दारू आणि बुद्धीला भ्रम आणणाऱ्या नशेचं. त्याच्या मूळ शब्दांत मद्याचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. निपाणी भागात तंबाखूवर घरं चालतात, तेव्हा शेती किंवा विडीकाम करणाऱ्यानं लगेच अपराधी वाटून घेऊ नये. मात्र मिश्री किंवा तंबाखू तोंडात ठेवून बसू नका. तोंडात लाळ साठते, नाडी वेगानं चालते आणि लक्ष श्वासावर टिकत नाही. बैठकीच्या आधीचा तासभर तोंड मोकळं ठेवा. बऱ्याच जणांची सवय सुटायला इथूनच सुरुवात होते.

पाचही शीलं रोज सकाळी म्हणा, पण आठवड्याला एकाच शीलावर डोळा ठेवा. रात्री झोपताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला, मोडलं असेल तर फुली, पाळलं असेल तर टिंब. पाच आठवड्यांनी पहिल्यावर परत या. फुल्या बघून हळहळत बसू नका. त्या कोणत्या वारी आणि कुणासोबत असताना पडल्या एवढंच बघा. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाचवं शील वारंवार मोडतं हे दिसलं, तर उपाय त्या संध्याकाळी कुणाबरोबर कुठे जायचं, इथेच सापडेल.

वेळ: घड्याळाला नव्हे, कामाला बांधा

पहाटे पाचला बसा, असं सांगणं सोपं आहे. साखर कारखान्याच्या हंगामात शिफ्ट बदलत राहते, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी असते, वडगाव-शहापूरच्या मागावर काम कधी संपेल याचा नेम नसतो. अशा घरात घड्याळाची वेळ चौथ्या दिवशी मोडते आणि वेळेबरोबर ध्यानही सुटतं. त्यापेक्षा रोज होतंच होतं अशा कामाला बैठक जोडा. तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, ही सगळ्यात टिकणारी जागा. दूधवाल्यांनी डेअरीला दूध घालून आल्यावर बसावं. रात्रपाळीवाल्यांनी घरी येऊन अंघोळ करावी, दहा मिनिटं बसावं आणि मग खाऊन झोपावं. पोटभर भाकरी खाऊन बसलात तर पेंग ठरलेली.

जागेसाठी वेगळी खोली नको. भिंतीकडे तोंड करून एक कोपरा, रोज तोच. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात फरशीला ओल धरते, तेव्हा खाली लाकडी पाट किंवा फळी टाका. डास असतील तर मच्छरदाणीत बसा. दहा मिनिटं डास हाकलत बसण्यात काही तप नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकून दहा मिनिटांचा टायमर लावा, आवाज मंद ठेवा.

बसायचं कसं

घोंगडं किंवा जाड सतरंजी घडी घालून चार ते सहा इंच उंच बैठक करा. तिच्या मागच्या टोकापर्यंत सरकून बसू नका, पुढच्या एक तृतीयांश भागावरच बसा. त्यानं कंबर किंचित पुढे झुकते, गुडघे खुब्याच्या खाली जमिनीकडे येतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. बैठक सपाट असली की कंबर मागे पडते, पाठीला पोक येतं आणि पाच मिनिटांत खांदे भरून येतात. मग लोक म्हणतात, ध्यान आपल्याला जमत नाही. खरं तर बैठक दोन इंच कमी असते. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी द्या. साधी मांडी पुरे, पद्मासनाचा हट्ट नको.

पायाला मुंग्या येणं साधं आहे. मांडीखाली घोंगड्याची कड रुतत असेल, थोडं पुढे सरका. पण गुडघ्याच्या सांध्यात कळ येत असेल तर ती सोसायची नाही, खुर्ची घ्या. खुर्चीवर पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, टेकत नसेल तर खाली फळी ठेवा, आणि पाठ मागच्या टेक्यापासून चार बोटं सोडून ठेवा. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची मान आणि कंबर आधीच दुखत असते. त्यांनी भिंतीला टेकून किंवा खुर्चीवरच बसावं, त्यात कमीपणा नाही.

हात मांडीवर, उजवा पंजा डाव्यावर. हनुवटी जराशी आत. डोळे मिटलेले. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवलं की लाळ कमी सुटते.

आनापान: श्वास बघायचा, चालवायचा नाही

लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या जागेवर ठेवा. श्वास आत येतो, कळलं. बाहेर जातो, कळलं. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. हा प्राणायाम नाही. योगाच्या वर्गातून आलेली माणसं इथे हमखास अडकतात, श्वास मुद्दाम खोल घ्यायला लागतात. मग छाती आवळते, डोकं जड होतं, कधी गरगरतं. तसं झालं की लक्ष तिथून काढा, डोळे उघडा, दोन मिनिटं हातापायांकडे लक्ष द्या, श्वास आपल्या वळणावर येऊ द्या आणि परत सुरू करा.

श्वास जाणवतच नसेल तर चार-पाच श्वास जरा जोरात घ्या, जागा सापडली की सोडून द्या. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर त्या दिवसापुरतं पोटाचं वर-खाली होणं बघा.

मन फारच पळत असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक श्वासाला एक आकडा, १ ते १०, आणि पुन्हा १. आकडा हुकला तरी १ पासूनच. मोजता मोजता १७ वर पोचलात तर समजा की तोंड मोजत होतं, मन दुसरीकडे होतं. पुढे विपश्यनेच्या, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघायच्या ध्यानाच्या, शिबिराला जायचं ठरलं असेल तर मोजणीची सवय लावू नका. ही शिबिरं ज्यांच्या पद्धतीनं चालतात त्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत श्वासाला आकडा, नाव, मंत्र, काहीच जोडत नाहीत.

मन भटकलं हे कळणं हाच त्या बैठकीतला कामाचा क्षण आहे. तिथे स्वतःवर चिडू नका. "गेलं होतं" एवढं ओळखून परत नाकाशी या. दहा मिनिटांत शंभरदा परत यावं लागलं तरी बैठक वाया गेलेली नाही.

पहिले दोन आठवडे १० मिनिटंच, मन लागलं तरी वाढवू नका. मग दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवा. नवव्या आठवड्यात ३० मिनिटांवर याल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करायची नाही. त्यानं बैठक शिक्षा वाटायला लागते. ऊसतोडीच्या किंवा भात लावणीच्या दिवसांत १० मिनिटांवर परत आलात तरी चालेल, फक्त शून्यावर येऊ नका. कधी डोळ्यांपुढे उजेड दिसेल, अंगावर शहारे येतील, खूप हलकं वाटेल. ते आलं तसं जाऊ द्या, उद्या पुन्हा हवं म्हणून बसू नका.

पेंग आली तर

कष्टाच्या अंगाला पेंग येणारच. बुद्धाचा पट्टशिष्य मोग्गल्लान ध्यानात डुलक्या घेत होता, तेव्हा बुद्धानं त्याला रागावण्याऐवजी क्रमानं उपाय सांगितले. ते आजही तसेच लागू पडतात. ज्या विचारात झोप आली तो सोडायचा. ऐकलेला, पाठ केलेला धम्म मनात आठवायचा. तरीही पेंग असेल तर तोच मोठ्यानं म्हणायचा. मग कानाच्या पाळ्या ओढायच्या, हातपाय चोळायचे. उठून डोळ्यांना पाणी लावायचं, चारी दिशांकडे आणि आकाशातल्या चांदण्यांकडे बघायचं. मनात दिवसासारखा उजेड धरायचा. चंक्रमण करायचं, म्हणजे येरझाऱ्या घालायच्या. एवढं करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर निजायचं, जाग आल्याबरोबर उठायचं असं ठरवून. म्हणजे झोपायलाही बुद्धानं मनाई केलेली नाही, हे लक्षात ठेवा. शरीराला झोप हवी असेल तर ती द्यावी.

चंक्रमण फक्त पेंगेचा उपाय नव्हे, ते स्वतंत्र ध्यान आहे, आणि बसून ज्यांचं मन खवळतं त्यांना तेच जास्त मानवतं. अंगणात किंवा बांधावर १५ ते २० पावलांची सरळ वाट ठरवा. नजर चार हातांवर, हात पुढे धरलेले. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं, एवढंच जाणायचं. टोकाला थांबायचं, एक श्वास, मग वळायचं. चप्पल काढता आली तर तळव्याला सगळं स्पष्ट कळतं. संध्याकाळची १५ मिनिटं पुरेत.

कामात असताना

दिवसात तीन जागा धरा. जेवणाचा पहिला घास, बसमध्ये सीट मिळाल्यावरची पहिली दोन मिनिटं आणि फोन हातात घेण्याआधीचा एक श्वास. मोटारसायकल चालवताना किंवा माग, कडबा कुट्टी चालू असताना श्वासावर लक्ष द्यायचं नाही. तिथे हात, यंत्र आणि रस्ता हेच ध्यान. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या उपदेशात, चालणं, वाकणं, खाणं, पिणं हे सगळं जाणून करायला सांगितलं आहे, ते यासाठीच.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं मैत्री भावना. मैत्रीचे अकरा फायदे सांगितले आहेत, त्यात पहिला म्हणजे सुखानं झोप लागणं. "मी सुखी होवो, माझं मन वैरमुक्त होवो" इथून सुरू करा, मग जिच्याबद्दल सहज प्रेम वाटतं अशी व्यक्ती, मग बसचा कंडक्टर किंवा दुकानदार, ज्याच्याशी ना देणं ना घेणं. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू आहे तो चुलतभाऊ पहिल्या महिन्यात घेऊच नका. लोक सगळ्यात मोठ्या वैऱ्यापासून सुरुवात करतात, रात्रभर जुनी भांडणं उकरतात आणि मैत्री भावनेचंच नाव टाकतात. आधी किरकोळ कुरकुर असलेला माणूस घ्या. मैत्री भावनेचा अर्थ केस मागे घेणं नव्हे. हक्काचं भांडण शांत डोक्यानंही लढता येतं.

घरातली वंदना आणि उपोसथ

सकाळची वंदना पाच मिनिटांत होते. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" तीनदा, त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं), पंचशील. फुलं वाहत असाल तर पुष्पपूजेच्या गाथेत काय म्हटलं आहे ते ध्यानात ठेवा: हे फूल कोमेजतं तसं माझं शरीरही नाशाकडे चाललं आहे. म्हणून कालचं सुकलेलं फूल फेकण्याआधी क्षणभर हातात धरून बघा. घाईनं पाली उरकू नका. एक गाथा अर्थासह पाठ झाली की मगच दुसरी घ्या.

पौर्णिमा, अमावस्या आणि दोन अष्टम्या हे उपोसथाचे, म्हणजे जास्तीची शीलं धरायचे दिवस. नवशिक्यानं महिन्यातून पौर्णिमा एकच धरावी. त्या दिवशी आठ शीलं, ज्यात ब्रह्मचर्य, नाचगाणं आणि नटणंथटणं टाळणं, उंच गादी टाळणं आणि माध्यान्हीनंतर न जेवणं येतं. माध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ. बेळगावात ती वर्षभरात साधारण सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान सरकत राहते, त्यामुळे सव्वाबाराच्या आत जेवण आटोपलं की कुठल्याच महिन्यात चूक होत नाही. नंतर पाणी चालतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, बाई गरोदर असेल, तर जेवणाचा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. बाकीची सात शीलं धरा.

पैशाबद्दलही बुद्धानं गृहस्थाला रोखठोक सांगितलं आहे. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक खर्चाला, दोन धंद्यात, एक अडीनडीला शिल्लक. उसाचं बिल जमा झालं की त्याच आठवड्यात हे चार भाग वहीत मांडा. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या घराला यातून जे कळतं ते प्रवचनातून कळत नाही.

घरचे आणि पैपाहुणे

सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती बसवलेली परडी) घरात असतो, गावची लक्ष्मीची यात्रा येते, पाहुण्यांच्या पंगती उठतात. तुम्ही २२ प्रतिज्ञा घेतल्या असतील (देवदेवतांची पूजा न करणं त्यातच येतं) तर पूजेला बसणार नाही, हे यात्रेच्या महिनाभर आधी आईला एकट्यात आणि सौम्यपणे सांगा, पंगतीत चारचौघांत नव्हे. आईच्या श्रद्धेची टिंगल करू नका. पाहुण्यांना पाणी देणं, वाढणं, भांडी उचलणं हे दुप्पट करा. घरच्यांचा विरोध बहुतेक वेळा बुद्धाला नसतो, कामातून अंग काढून घेणाऱ्या माणसाला असतो.

एकट्यानं वर्षभर टिकणं कठीण जातं. गावातल्या विहाराची किल्ली कुणाकडे असते ते हुडका आणि रविवारी सकाळी तीन-चार जणांनी एकत्र बसा. वंदना, २० मिनिटं ध्यान, एक गाथा, एवढंच. भाषण ठेवू नका.

दहा दिवसांचं शिबिर

सहा महिने घरची बैठक टिकली की विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा विचार करा. आपल्याला सोयीचं केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ आळते इथे, रामलिंगच्या बाजूला आहे. रेल्वेनं जायचं तर बेळगावहून मिरज आणि तिथून कोल्हापूरच्या गाडीनं हातकणंगले. अर्ज ऑनलाइन भरतात. राहण्या-जेवणाची फी नसते, आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून घेतात. रजा दहा नव्हे, बारा दिवसांची टाका, कारण आदल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस आनापान आणि चौथ्या दिवशी विपश्यना देतात. व्हिडिओ बघून विपश्यना घरी सुरू करू नका, आनापानापुरतं ठीक.

मनोविकाराची औषधं चालू असतील तर अर्जात ते खरं लिहा, डॉक्टरांना विचारा आणि शिबिरासाठी गोळ्या बंद करू नका. दहा दिवस गप्प बसणं प्रत्येकाला त्या वेळी झेपतंच असं नाही. साखर कारखान्यात असाल तर गाळप संपल्यावरची तारीख घ्या, शेतकऱ्यांनी लावणी आणि सुगी टाळा. परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. ते जमत नसेल तर अर्धा-अर्धा तास धरा, पण दोन्ही वेळा धरा. परत आल्यावरचे पहिले आठ दिवस घरच्यांना शिबिराला जायचा आग्रह करू नका. बारा दिवस त्यांनी तुमच्या वाटणीचं काम ओढलेलं असतं, आधी ते अंगावर घ्या.